स्टे आणि लिव्ह

…नाही, थांब जरा, ते स्टेइंग खोड. नाव काय म्हणालीस? प्रांजल. हे बघ प्रांजल, बिल्डरने राहणाऱ्यांची यादी करायला पाठवलं म्हणून तू आलीस, तुझा काही दोष नाही — ‘शकुंतला, ओनर्स सिस्टर, स्टेइंग’ — हे निलेशनेच फोनवर सांगितलं असणार ना? धाकटा भाऊ माझा. त्याला इंग्रजी मीच शिकवलं, ह्याच टेबलावर. तशी अख्खी मुंबई म्हणते, आय स्टे इन घाटकोपर. पण मी ट्यूशनच्या पोरांना पहिल्या दिवशीच सांगते — मामाकडे सुट्टीत गेलास तर स्टे, घरी परत आलास की लिव्ह. स्टे म्हटलं की परत जायचं असतं. मी कुठे परत जाणार गं? जन्मले इथे, आईचं सात वर्षं अंथरुणातलं सगळं केलं ते इथेच. निलेश मालाडला असतो. लिव्ह्ज.

पेपर्स? आहेत की. म्हणजे — त्याच्याकडे आहेत. आईच्या तेराव्यानंतर तो हक्कसोडपत्र घेऊन आला. बहिणी करतातच ना सही? आत्यानेही बाबांसाठी केली होती. मग भाऊ साडी देतो. मला मोरपंखी दिली, अजून घडी मोडलेली नाही. आणि मी शहाणी — सही करण्याआधी त्यातल्या दोन चुका त्याला सुधारून दिल्या.

आता बिल्डिंग पाडणार, तर म्हणतो, ताई, मालाडला ये थोडे दिवस. त्यानंतर कुठे, ते मी विचारलं नाही — विचारलं की उत्तर मिळेल ना. भीती वाटते. पंधरा दिवस खाली उतरले नाही मी. दोरीने पिशवी सोडून भाजी वर घेते. चावी त्याच्याकडेही आहे, मी बाहेर असताना कुलूप बदललं तर? नाही गं, तो तसा नाही. तरी नाही उतरत.

तू फक्त लिव्ह्ज लिही. कायद्यात उपयोग नाही, माहितीय मला. पण एका तरी कागदावर असू दे की मी इथे राहत होते —

थांब, त्याचाच फोन. हां निलेश… हो, आलीय मुलगी, समोरच बसलीय… हो रे, तू सांगितलंस तसंच लिहिलंय… स्टेइंग… नाही, मी कशाला काय बोलू.

राहू दे प्रांजल, खोडू नकोस. सही कुठे, इथे? झालं. जा तू. दार नुसतं ओढून घे, लॅच आहे — आपोआप लागतं.