पुढचा पाय पन्नासवर

कांचन : दहा वाजून चाळीस मिनिटांनी. उतारावरच्या स्की पट्रोलच्या कागदावर तीच वेळ आहे. हेमचंद्रची तिसरी फेरी होती. तो वळणात आडवा झाला, स्नोबोर्ड त्याच्याखालून सुटला आणि तो पाठीवर घसरत खाली उभ्या असलेल्या माणसावर गेला. बोर्डची कड त्या माणसाच्या मांडीत शिरली.

शार्दूल : वहिनी, आधी गराजमध्ये या, बाहेर गारठा आहे. मला सकाळी हेमबरोबर गेलेल्या यशचा फोन आला, तेव्हा एवढंच कळलं की हेमचा पाय मोडला.

कांचन : मांडीचं हाड आणि कॉलरबोन. शुद्धीवर आहे. उद्या सळई घालणार आहेत.

शार्दूल : आणि तो दुसरा माणूस?

कांचन : अठ्ठावन्न वर्षांचा आहे. नाव आम्हाला सांगत नाहीत. नारिंगी जाकीट घालून उताराच्या कडेला बायकोची वाट बघत उभा होता. मोठी रक्तवाहिनी कापली गेली. स्कीइंगला आलेल्या एका नर्सने आपला पट्टा काढून त्याची मांडी आवळली. ती नसती तर तो खालपर्यंत पोचला नसता, असं पट्रोलवाला म्हणाला. मला वर नेलं तेव्हा त्याला नेऊन झालं होतं. दोघं जण फावड्यांनी त्या जागेवर पांढरा बर्फ ओढत होते, आणि लाल वर येतच होतं.

शार्दूल : बोर्ड कुठे आहे?

कांचन : दुसरा प्रश्न. मला वाटलं होतं पहिलाच येईल. गाडीत आहे. पट्रोलने फोटो काढून माझ्याकडे दिला. मग तीन वाजता शेरीफ ऑफिसच्या डेप्युटीचा फोन आला. बोर्डला हात लावू नका, सहा वाजता न्यायला येतो, म्हणाला. मी त्याला इथला पत्ता दिलाय.

शार्दूल : इथला कशाला?

कांचन : आधी मला समजावून सांग. मी कधी बर्फावर उभी राहिलेली नाही, त्यामुळे सोपं करून सांग. बोर्ड असा सुटतो कसा?

शार्दूल : शंभर कारणं असतात. बर्फ, स्पीड, थकवा...

कांचन : मी शंभर विचारली नाहीत. ह्या बोर्डचं सांग.

शार्दूल : ओके. हा रेसचा बोर्ड आहे. लांब, ताठ आणि मधोमध जेमतेम अठरा सेंटिमीटर. तुमच्या वितीएवढासुद्धा नाही. कार्व्हिंगमध्ये बोर्ड कडेवर उभा राहतो आणि माणूस जवळजवळ बर्फावर झोपतो. अशा वेळी बुटाचा चवडा किंवा टाच बोर्डच्या बाहेर आलेली असली, तर कडेच्या आधी बूट बर्फाला लागतो. मग बोर्ड उचकटतो. एकदा उचकटला की तुमच्या हातात काही राहत नाही. म्हणून अरुंद बोर्डवर पाय आडवे ठेवत नाहीत, बोर्डच्या नाकाकडे वळवतात. बूट अडकवायच्या बाइंडिंगखाली गोल चकती असते, तिच्यावर अंश कोरलेले असतात. हेमचा पाय मोठा, एकोणतीसचा बूट. त्याला पुढचा पाय पासष्टवर आणि मागचा बासष्टवर. साठच्या खाली नाहीच.

कांचन : आणि एवढा पाय वळवला की गुडघा दुखतो.

शार्दूल : त्याचा दुखायचा. त्याला उपाय होता. एकवीस सेंटिमीटरचा बोर्ड घ्यायचा, थोडा मऊ, वळणाची त्रिज्या कमी असलेला. त्यावर पंचावन्नसुद्धा चाललं असतं. मी ऑक्टोबरपासून सांगतोय. पण फोरमवर कुणा ऑस्ट्रियन रेसरचा बोर्ड विकायला निघाला आणि हेमला तोच हवा झाला. पुण्याहून आलेला माणूस पहिल्यांदा स्वयंपाकघर थाटताना हॉटेलची भट्टी आणेल, तसं.

कांचन : आम्ही नागपूरचे. आत्ता चकतीवर किती आहे?

शार्दूल : मी मंगळवारी पासष्ट-बासष्टवर लावून ठेवला होता.

कांचन : मी आत्ता किती ते विचारलं. आकडे मला वाचता येतात. पुढचा पन्नासवर आहे, मागचा पंचेचाळीसवर.

शार्दूल : मग त्यानेच फिरवला असणार.

कांचन : तोही तेच सांगतो. डेप्युटीने स्ट्रेचरजवळ उभं राहून विचारलं, तर म्हणाला, शुक्रवारी संध्याकाळी घरी मीच फिरवले. त्याची सही घेतलीय.

शार्दूल : मग झालं की. तो स्वतः सांगतोय तर...

कांचन : शुक्रवारी संध्याकाळी त्र्यंबक आणि शोभना आमच्याकडे जेवायला होते. बोर्ड पिशवीतून निघाला नाही. आणि शार्दूल, आमच्या घरात हातोडी नाही. भिंतीत खिळा मारायचा तर मी बत्त्याने मारते. त्याला साधा स्क्रू उलटा फिरतो की सुलटा ते दर वेळी आठवावं लागतं.

शार्दूल : वहिनी, ऐका. तो सांगतोय त्याने केलं. तुम्ही का उकरताय?

कांचन : कारण तो माणूस गेला तर ते ज्याने चकती फिरवली त्याच्यावर येणार. डेप्युटीने 'रेकलेस' हा शब्द दोनदा वापरला. धोका माहीत असताना असलं सामान घेऊन उतारावर गेला की काय, ते वकील ठरवतील, म्हणाला. हेमचंद्र एचवन व्हिसावर आहे. पुढचं मी तुला सांगायला नको.

शार्दूल : माझं ग्रीन कार्ड शेवटच्या टप्प्यावर आहे.

कांचन : म्हणूनच तू आत्ता 'झालं की' म्हणालास.

शार्दूल : तसं नाही म्हणालो मी.

कांचन : तसंच म्हणालास. ये इकडे. गाडी दारातच लावलीय, मी डिकी उघडते. ही पांढरी रेघ बघ. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून निघून चकतीवर उतरलीय. तुमच्या कंपनीत विमानाचा बोल्ट आवळल्यावर अशी रेघ मारतात, बोल्ट हलला की रेघ तुटते. कोजागिरीला तूच सगळ्यांना दाखवत होतास. आठ स्क्रू आहेत, आठही रेघा अखंड आहेत. पन्नासवर फिरवून झाल्यावर मारलेल्या.

शार्दूल : बघू. द्या इकडे.

कांचन : हात लावू नकोस.

शार्दूल : फक्त बघतो.

कांचन : बघायला थिनरची बाटली लागत नाही. ठेव ती.

शार्दूल : वहिनी, सोडा बोर्ड.

कांचन : माझं मनगट सोड.

शार्दूल : रेघा पुसायचं दोन मिनिटांचं काम आहे. कुणाला कळणार नाही. हेमचं म्हणणंही तसंच राहील, तुम्ही का...

कांचन : मनगट सोड, शार्दूल. मोडशील. ओढू नकोस, तुझा हात कडेवर आहे, ओढू नको...

(बाटली फरशीवर फुटते. शार्दूलचा डावा तळहात अंगठ्यापासून करंगळीखालपर्यंत चिरून उघडला आहे.)

कांचन : मूठ मिट. मिट म्हणते ना. हात वर धर, डोक्याच्या वर. हे फडकं कसलं आहे?

शार्दूल : वॅक्स पुसायचं.

कांचन : चालेल. बस त्या खोक्यावर. बघू नकोस तिकडे, माझ्याकडे बघ. बोटं हलतात का? सगळी हलव.

शार्दूल : हलतात. अंगठा बधिर आहे.

कांचन : टाके पडतील. आधी डेप्युटी येऊ दे.

शार्दूल : अठ्ठ्याऐंशी अंशांची धार आहे ती. काटकोनापेक्षा दोन अंश जास्त तीक्ष्ण. बुधवारी मीच लावली. नखावर घासून पाहिली तर नखाची साल निघत होती. खूश झालो होतो.

कांचन : आता गुरुवारचं सांग. तुझा ओठ शिवलेला आहे, ते मी आल्याबरोबर पाहिलं. आणि आज डॉक्टरने हेमचंद्रचा शर्ट कापला तेव्हा मला बाजूला घेऊन विचारलं, बरगडीवरचा हा काळानिळा डाग आजचा नाही, दोन दिवसांचा आहे, घरी सगळं ठीक आहे ना. माझ्याकडे असं बघत होता, जणू मी नवऱ्याला मारते. मला हेमचंद्रने सांगितलं होतं, बाथरूममध्ये पाय घसरला.

शार्दूल : गुरुवारी सात वाजता आला तो. म्हणाला, गुडघा जातोय, पन्नासवर आण. मी म्हटलं, ह्या बोर्डवर नाही. मग बोर्ड कुणाचा, गुडघा कुणाचा, ते सुरू झालं. मी म्हटलं, तुला कार्व्हिंग येत नाही, तुला कार्व्हिंग करताना दिसायचंय. मग तो म्हणाला...

कांचन : काय म्हणाला?

शार्दूल : म्हणाला, तू मेकॅनिक आहेस, मेकॅनिकसारखा वाग, सांगितलं ते कर.

कांचन : मग?

शार्दूल : मी ढकललं त्याला. त्याच्या हातात त्याचा बूट होता. प्लास्टिकचा, कडक, दोन किलोचा. त्याने तोच तोंडावर मारला. ओठ आतून दातापर्यंत फाटला. मी त्याला बेंचवर आपटला आणि बरगड्यांत गुडघा मारला. दोनदा. दुसऱ्याची गरज नव्हती, पहिल्यालाच तो वाकला होता.

कांचन : पुढे.

शार्दूल : पुढे काही नाही. दोघंही दमलो. तो म्हणाला, लाव आता, आणि गाडीत जाऊन बसला. हीटर लावून. मी स्क्रू सैल केले, चकत्या फिरवल्या, आवळल्या, स्क्रू सुटू नयेत म्हणून निळं लॉकटाइट घातलं. तोंडातलं रक्त बोर्डवर पडत होतं, ते पुसलं. रेघा मारल्या.

कांचन : एवढ्या भांडणानंतरही रेघा मारल्यास.

शार्दूल : हाताला सवय आहे.

कांचन : हेमचंद्रने आज मला एकच वाक्य सांगितलं. मीच त्याला लाव म्हटलं होतं, त्याच्या गळ्यात घालू नकोस. मग तोंड फिरवलं. तो तुला वाचवतोय, शार्दूल. ज्याने त्याच्या बरगड्यांत गुडघा घातला त्याला.

शार्दूल : त्याला सगळं माहीत नाही.

कांचन : काय माहीत नाही?

शार्दूल : बोर्ड हातात देण्याआधी मी एक चाचणी करतो. नेहमीच करतो, कुणाचाही असो. त्याच माणसाचा बूट बाइंडिंगमध्ये अडकवायचा, बोर्ड बेंचवर कडेवर उभा करायचा आणि हळूहळू कलता करायचा. बूट बेंचला कुठे टेकतो ते कोनमापकावर बघायचं. सत्तर अंशांपर्यंत टेकला नाही तरच बोर्ड जातो.

कांचन : गुरुवारी केलीस?

शार्दूल : बूट तिथेच पडला होता. ज्याने मारलं तोच.

कांचन : केलीस का?

शार्दूल : केली. बावन्नला टेकला. चवडा तीन सेंटिमीटर बाहेर होता. हेम जेवढा झोपतो तेवढा झोपला तर तिसऱ्या-चौथ्या वळणाला जाणार, हे मला समोर दिसत होतं. मी पुन्हा केली. पुन्हा बावन्न.

कांचन : आणि बोर्ड त्याला दिलास.

शार्दूल : गाडीत ठेवून दिला. काच खाली करून तो थँक्स म्हणाला. मी काहीच बोललो नाही.

कांचन : काहून?

शार्दूल : मला तो पडायला हवा होता, वहिनी. चार लोकांसमोर. तोंड फुटावं, अक्कल यावी, आणि परत माझ्याकडेच यावं त्याने. पडताना खाली कुणी उभं असेल, हे डोक्यातच आलं नाही.

कांचन : हात खाली घेऊ नकोस. फडकं भिजलं. दुसरं दे.

शार्दूल : ड्रॉवरमध्ये आहे. हेमला सांगणार तुम्ही?

कांचन : आधी तू डेप्युटीला सांगायचं. काय सांगशील, ते मला म्हणून दाखव. वेळेसकट.

शार्दूल : गुरुवारी, नऊ फेब्रुवारीला, संध्याकाळी सात वाजता आमच्यात थोडा वाद झाला...

कांचन : वाद नंतर. त्याला वादाशी घेणं नाही. चकती कुणी फिरवली?

शार्दूल : मी फिरवली. मालकाच्या सांगण्यावरून.

कांचन : हो. ते खरं आहे, ते सांग. पुढे?

शार्दूल : मग मी तपासलं. बूट थोडा लागत होता.

कांचन : थोडा?

शार्दूल : बावन्नला लागत होता.

कांचन : पुन्हा सांग.

शार्दूल : बूट बावन्नला लागत होता. मी दोनदा पाहिलं. हे सेफ नाही हे मला माहीत होतं आणि मी... मी त्याला कळवायचं राहिलं.

कांचन : राहिलं नाही, शार्दूल. राहिलं म्हणजे विसरलास. तू विसरला नव्हतास.

शार्दूल : असं बोललो तर मी संपलो. तुम्हाला कळतंय ना? इथून परत जावं लागेल, त्याआधी कुठे जावं लागेल देवाला माहीत. आणि ती चाचणी कुणी पाहिली नाही. चकती मी फिरवली एवढं सांगितलं तरी हेम सुटतो.

कांचन : अर्धा सुटतो. 'मी सांगितलं, त्याने लावलं' एवढंच उरतं, आणि धोका पत्करला तो हेमचंद्रनेच, असं होतं. त्याला वाटत होतं तू ऑक्टोबरपासून बोलतोस तसंच बोलतोयस. त्या दिवशी बेंचवर काय दिसलं, ते त्याला ठाऊक नव्हतं. ते फक्त तुला ठाऊक होतं.

शार्दूल : आता तुम्हालाही आहे.

कांचन : मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. मी सांगितलं तर ती बायकोची नवऱ्यासाठी रदबदली होते. तुझा फोन वाजतोय की माझा?

शार्दूल : तुमचा. बोर्डवर ठेवलाय.

कांचन : हॅलो. यस, स्पीकिंग... यस. आय अंडरस्टँड... नो, नथिंग हॅज बीन चेंज्ड ऑन इट. देअर इज सम ब्लड ऑन इट, फ्रॉम टुडे, फ्रॉम हिअर. आय विल एक्स्प्लेन... ओके.

शार्दूल : डेप्युटी?

कांचन : हायवेवर आहे. वीस मिनिटं लागतील म्हणाला.

शार्दूल : त्या माणसाचं काही बोलला?

कांचन : दुपारी पायातली रक्तवाहिनी जोडायचा प्रयत्न केला, तो सोडून दिला. चार पन्नासला पुन्हा ऑपरेशनला आत घेतलंय. बायको बाहेर बसलीय. आत्ता सहाला पाच कमी आहेत, अजून कुणी बाहेर आलेलं नाही.