टेपची दोन टोकं

अहो, घरांची मोजणी करणाऱ्याला लोक कुठल्या नजरेनं बघतात, ते मला करावे गावात कळलं.

हिराजी आणि काशिनाथ हे सख्खे भाऊ. वडिलांच्या घराचे दोन सारखे भाग पाडायला दोघांनी मला बोलावलं होतं. एकमेकांशी मात्र ते सहा महिने बोलत नव्हते. मी पोचलो आणि थोरल्या हिराजीकडे पाणी प्यायलो. तिथंच चुकलं.

"पानी त्याच्याकडं प्यायलास," काशिनाथ म्हणाला. "आता माप पन त्याच्याच बाजूनं येनार!"

म्हणून मी काशिनाथकडेही प्यायलो. लगेच हिराजीनं विचारलं, "आत काय बोलनं झालं तुमचं?"

मग मी टेप लावली. एक म्हणे मी ती सैल धरतो, दुसरा म्हणे ताणून धरतो. शेवटी वैतागून मी टेपच त्यांच्या हातात दिली. "एकेक टोक धरा, आकडा दोघं मोठ्यानं वाचा. मी फक्त लिहितो."

पहिली भिंत झाली, दुसरी झाली. तिसरीला काशिनाथ हळूच म्हणाला, "दादूस, जरा खाली धर."

सहा महिन्यांतलं त्याचं भावाशी ते पहिलं वाक्य. हिराजीनं टेप खाली घेतली.

माप सारखं निघालं. दोघांनी कागदावर सह्या केल्या. मी तो कागद घेऊन झेरॉक्स काढायला निघालो, तर वाटेत आकडे बदलीन म्हणून दोघं भाऊ एकाच स्कूटरवर बसून माझ्या मागे आले!