खोड

(ॲटलसच्या डोंगरातला सरकारी दवाखाना. नर्स जुलेखा; चार वर्षांची तुडा, तिची आई इत्तो आणि आजी, म्हणजे इत्तोची सासू, हद्दा.)

जुलेखा : हिच्या नखांना पुन्हा मेंदी?

हद्दा : माझ्या लेकीचं, इझ्झाचं लग्न अकरा दिवसांवर आलंय, बाई. घरात मेंदी भिजली की पोरीलाही लागणारच.

इत्तो : मागच्या वेळी इथं यायच्या आदल्या दिवशी लावलीत, आत्या. तेव्हा कुठं लग्न होतं?

जुलेखा : नखांचा निळेपणा मेंदीखाली झाकलेला, आणि जीभ बघायचं मला सुचलं नाही. अशक्तपणा म्हणून मी परत पाठवलं. चुकलं माझं. तुडा, आ कर... जांभळी आहे गं, इत्तो. चालताना मध्येच उकिडवी बसते का ही?

हद्दा : बसायची. मी मोडली ती खोड.

जुलेखा : मोडली कशी?

हद्दा : जैतुणाच्या फोकानं. झऱ्यावर जाताना वळणावळणाला फतकल. इझ्झाच्या सासरच्या बायका तिथंच पाणी भरतात. या घरची पोरं अधू निपजतात म्हणाल्या, तर इझ्झाला कोण नेईल? आता बसत नाही. उभी राहते मुकाट.

इत्तो : आणि निळी होऊन कोसळते. सोमवारी दोनदा.

जुलेखा : हद्दाबाई, मघाशी नळी लावून ऐकला तो हृदयातला जादा आवाज जन्मापासूनचा असणार. फुप्फुसाकडे रक्त पुरेसं जात नाही. गुडघे पोटाशी घेऊन बसलं की तिकडे थोडं जास्त वळतं. पोरीला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनंच शोधलं होतं. हिला आजच शहरात न्यायला हवं. ऑपरेशन होतं याचं.

हद्दा : लग्न होऊ दे. मग न्या कुठं न्यायची तिथं.

जुलेखा : अकरा दिवसांची खात्री मी देणार नाही.

हद्दा : मी मुलाला, हिच्या बापाला, फोन केलाय. आई म्हणेल तसं, म्हणाला.

इत्तो : मी नेतेय.

हद्दा : मग माघारी माझा उंबरा चढायचा नाही.

इत्तो : बरं. गाडी बोलवा, जुलेखाताई.

जुलेखा : बोलावते. अगं, इत्तो, तिच्याकडे बघ. ओठ बघ तिचे. खाली बसव तिला, गुडघे छातीशी.

इत्तो : तुडा, बस. बस ना, राणी. पाय का ताठ धरलेस? कुणी मारत नाही. मी आहे ना?

तुडा : आजी बघतेय.