पंख वाळेपर्यंत

दाढ ठणकत होती म्हणून पोस्टमन गालावर हात दाबून दातांच्या दवाखान्यात बसला होता. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं. आजींच्या मांडीवर बुटांचा खोका होता.

"अहो, कोष फुटला! पतंग बाहेर येतोय!"

"आत्ता? चार महिने नुसता पडून होता की."

"आणि तुम्ही त्याला वाळकं पान समजून केरात टाकत होतात. म्हणून तर खोका सोबत आणला."

"पानातच गुंडाळून घेतो तो. ओळखणार कसं?"

"तीस वर्षं जंगलखात्यात होतात ना?"

"बरं बाई, चुकलो. पण खोका हलवू नकोस. कडेला निवांत लटकू दे, नाहीतर पंख चुरगळलेलेच वाळतील."

"खायला काय घालायचं?"

"काही नाही. याला तोंडच नसतं. खाणंपिणं सगळं अळी असतानाच उरकलेलं. आता आठवडाभर जगायचं, जोडीदार शोधायचा, बस्स."

"म्हणजे दातदुखी नाही. सुटला बिचारा!"

"नंबर सहा!" कंपाउंडर ओरडला.

"ऊठ, तुझा नंबर."

"दाढ गेली खड्ड्यात. खोका हलेल. दादा, तुम्ही जाता आधी?"

सात नंबरवाल्या पोस्टमनने खोक्यात डोकावलं. फिकट हिरवा पंख हळूहळू उलगडत होता. त्याचा गालावरचा हात कधी खाली आला, त्याला कळलंच नाही.

"छे, मला कसली घाई?"

"मग नंबर आठ!" कंपाउंडर म्हणाला.

आठ नंबरवाल्या बाई केव्हाच खोक्यावर वाकल्या होत्या.

"श्शू!" त्या म्हणाल्या.