जवाईबुवानं मले खाली उतरवलं

माझं गाव गोंडपिपरीपासून आत, तळ्याच्या पलीकडं. बाप मोठ्या झाडांवर चढून फांद्या उतरवाचा, मीही तेच करत आलो. कोणाच्या घरावर फांदी लोंबली, कोणाच्या तारेवर आली, की बलावा त्याले, असं माझं नाव होतं आजूबाजूच्या गावात, अन त्या नावाची मले लय घमेंड, खोटं काऊन बोलू. आमच्यात दोर फांदीले बांधत, माणसाले नाई. फांदी छपराच्या कवेलूवर आदळू नये म्हणून दोर, माणूस तं झाडाले धरूनच असते, असं बाप म्हणे. कोणी कमरेले दोर बांधून चढला तं आमी म्हणू, बकरी बांधली का रे झाडाले.

अन पोरगी दिली सिरोंचाकडं. जवाई समय्या, ताडी काढणारा, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलते, बोलते म्हणजे काय, विचारलं तं बोलते. त्याच्यापाशी मोकू असे. मोकू म्हणजे जाड दोराचं कडं, इकडून कमरेमागून अन तिकडून झाडामागून, त्याच्यात टेकून तो दोन्ही हात मोकळे ठेवते. लग्नात त्याचे पाय मी परातीत धुतले होते. आमच्यात जवाई म्हणजे देवाच्या जागी, सासऱ्यानं त्याले पाणीसुदा आणाले सांगू नये. हे सांगून राह्यलो कारण याच्यातच माझं मरण आहे.

एका सालच्या दिवाळीनंतर पोरीले न्याले आला तो, सायकलीले मोकू लटकवूनच. ते नव्वदच्या पुढचं साल असन. त्याच दिवशी शाळेचं काम होतं, कवेलूवर झुकलेला बेहडा. मी म्हणलो, चला जवाईबुवा, आमचं काम पाहा. दाखवाचं होतं मले, दुसरं काय. झाडाखाली तो हळूच म्हणते, मामाजी, मोकू घ्या ना, ज्या फांदीवर कुऱ्हाड चालवता तिले सोडून वरच्या खोडाले टाका. मी मोठ्यानं हसलो, तुमच्या ताडाले फांद्या नाईत म्हणून तुमाले कडं लागते बुवा, आमाले झाडच हात देते. मास्तर हसले, माझी माणसं हसली, पोरगी डबा घेऊन आली होती तेही हसली, नवऱ्याकडं पाहून. त्यानं मोकू उचलून आपल्यापाशी ठेवला.

फांदीले दोर बांधला, खालून खाच मारली, मंग वरून घाव घातले, सगळं बरोबर. पण वजनदार फांदी सुटली की झाडाच्या ज्या जाड खांद्यावर आपण उभे राह्यतो तो वर उसळते, हे मले का माहीत नव्हतं? माहीत होतं. एका हातात कुऱ्हाड, दुसरा हात सालीवर, अन तो खांदा असा उसळला की मी खालच्या बेचक्यात येऊन पडलो, माझा हात खांद्यातून निखळला. खाली पाह्यलं तं भोवळ. जन्मभर झाडावर काढलेला माणूस मी, अन तिथून एक पाय खाली टाकवेना. खालून लोक ओरडून राह्यले, भाऊ उतरा, भाऊ हात धरा, कोण उतरते.

समय्या वर आला. मोकू माझ्या पाठीमागून, झाडामागून घेतला, स्वतः माझ्या खाली राह्यला, माझा एकेक पाय हातात धरून सालीवर ठेवे, मंग दोर खाली सरकवे, मंग दुसरा पाय. ज्याचे पाय मी धुतले तो माझे पाय धरून राह्यला होता, साऱ्या गावासमोर. अन अर्ध्यावर आलो असन, मले कळलंही नाई अन धोतर ओलं झालं. त्याच्या डोक्यावर गेलं ते, कपाळावरून खाली. त्यानं मान वर केली नाई, डोळे मिटले अन पुढचा पाय धरला.

काय सांगू तुमाले, मेलो असतो तं बरं होतं असं वाटलं तेव्हा. जमिनीले टेकल्याबरोबर त्यानं शाळेची पाण्याची बादली उचलली अन आमच्या दोघांवर उपडी केली. मामाजीले भोवळ आली, सरका, वारा येऊ द्या, एवढंच बोलला. दोघंही चिंब ओले, कोणाले काही समजलं नाई. पोरगी पदरानं माझं तोंड पुसत होती अन नवऱ्यावरच चिडत होती, एवढं थंड पाणी कायले टाकलं म्हणून.

हात बसला, पण पहिल्यासारखा नाई. ताडीचे दिवस सरले की समय्या माझ्यासोबत कामाले येऊ लागला. मले शिकवलं त्यानं, पण शिकवतो असं कधी दिसू दिलं नाई, आपला दोर बांधे अन मी पाहीन अशा बाजूनं उभा राहे. ओल्या सालीवर चढाचं नाई. कुऱ्हाडीपेक्षा आरी बरी, धक्का कमी बसते. एक दोर सोडाच्या आधी दुसरा बांधाचा. फांदी तुटली की काय उसळन ते आधी पाहाचं अन तिथून पाय काढाचा. मोकूत टेकलो तेव्हा मले समजलं की बाप सारी उमर घाबरूनच चढत असन, बोलला नाई बिचारा.

आता मी खाली बसतो, दोर धरून, वर तो. ठेकेदाराची नवी माणसं येते, त्याले विचारते, भाऊ, कुठी शिकले. तो म्हणते, मामाजीनं शिकवलं. तुमालेही तेच सांगतलं ना त्यानं, म्हणून तुमी लिहाले माझ्याकडं आले. पोरीलेही तेच वाटते, चारचौघीत सांगते, माझ्या बापानंच माझ्या नवऱ्याले घडवलं. अन मी मान खाली घालून चहा पितो. इतकी सालं झाली, एकदाही तोंडातून निघालं नाई, नाई बाई, असं नव्हतं. बादलीची गोष्ट तं तिले आजही नवऱ्याचा येडेपणा वाटते.

देव त्याले सुखात ठेवो, पण त्याच्यासमोर जेवाले बसलो की घास फिरते तोंडात. तुमी लिहून राह्यले तं सगळं लिहा, धोतराचंही लिहा. अन छापून आलं की पोरीले वाचून दाखवा. फक्त मले आधी सांगा, म्हणजे मी त्या दिवशी घरी राहणार नाई.