फ्रिडो थांबला होता

—नाही, ब्रोडर्सनसाहेब, गंजणार नाही तो फ्रिडो. चंद्रावर हवाच नाही ना, तिथं कशावर गंज चढत नाही. पडून राहील, एवढंच. बसा ना, कॉफी गार होतेय. फोल्करचं सगळं या खोक्यात आहे — स्वेटर, बूट, तुमची पत्रं. पत्रं मी वाचली नाहीत. सही इथं करायची, पण घाई नाही. तुम्ही त्या यंत्राला शिव्या देताय, द्या, अहवालातही तेच आहे — यंत्राचा अंदाज चुकला, ते उतारावरून घसरलं, आणि खाली तुमचा मुलगा होता. इथून ब्रेमेनमधून फ्रिडोला मीच चालवायची. दोन वर्षं. फोल्कर त्याच्याशी माणसासारखा बोलायचा — ‘चल रे आळशा’ — आणि ते सहा चाकांचं धूड दोर, दिवे, डबे घेऊन त्याच्या मागं मागं. त्या दिवशी विवरात बर्फ सापडला. फोल्कर खाली उतरला, फ्रिडोनं डबे घेऊन त्याच्यामागं जायचं, तर तो कडेलाच थांबला. का थांबला? माती भुसभुशीत होती म्हणून. माझ्या पडद्यावर आलं, जमीन धरत नाही, पुढं जात नाही. तीनदा आलं. म्हणजे... हो, तीनदा. फोल्कर म्हणाला, ‘वीब्के, याचे नखरे बंद कर, मला वर येऊन जेवायचंय.’ आम्ही हसलो. दोघंही. फ्रिडोचं ते स्वतःहून थांबणं इथून बंद करता येतं — एक बटण आहे. हुकूम तिथं पोचायला सव्वा सेकंद लागतो. दाबल्या दाबल्या मला कळलं होतं, ब्रोडर्सनसाहेब, पण निघालेला हुकूम परत घेता येत नाही. कडा सुटली. घसरताना फ्रिडो सहाही चाकं उलटी फिरवत होता, अगदी फोल्करपर्यंत. तशी नोंद आहे. अहवालात ती नाही. चौकशीत विचारलं, आणखी काही सांगायचंय? मी म्हटलं, नाही. आमचे वरिष्ठ नंतर म्हणाले, यंत्राची काही नोकरी जात नाही. मी — तुम्ही असं बघू नका. हे सांगायला बोलावलं नव्हतं मी तुम्हाला, फक्त सामान द्यायचं होतं. उठताय? थांबा, खोकं जड आहे, गाडीपर्यंत मी आणते. बरं. नको तर नको. सही राहू द्या. दार ओढू नका — बाहेर ढकला.