होडीचा वाटा

बसा, बसा मंडळी! पुढं सरका. मागं खांबाला टेकून बसलेत ते डोळे उघडे ठेवा, मला इथून सगळं दिसतं! एकदा मोठ्यानं देवाचं नाव घ्या— असं! आता ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. घरात ताट वाढलं, की ज्याला तोंड आहे तो मागतो. पोर रडतं, म्हातारा ओरडतो, मांजर पायात घोटाळतं. ज्याचं त्याला मिळतं! पण ज्याला तोंडच नाही— त्याच्या वाट्याचं काय होतं? तो वाटा जातो कुणाच्या पोटात?

गप्प झालात! पेटीवाले, तुम्ही तरी सांगा. नाही? मग गोष्टच ऐका.

समुद्राकाठी कोंडसरी नावाचं एक बंदर. बंदर म्हणजे मोठं काही नाही हो— चाळीसेक घरं, माडाची राई, वाळूवर ओढून ठेवलेल्या पंधरा-वीस होड्या. तिथं राहायचा सत्यवान मेतर. जातीचा गाबीत, धंद्यानं मासेमार, वय पस्तिशीचं. बापानं मागं ठेवलेली एक लाकडी होडी, एक जाळं, आणि बायको प्रेमा. बायको बापानं ठेवलेली नव्हे— तिला यानं स्वतः पसंत केली होती! हसा, हसा. होडीवर त्याच्या जोडीला एक म्हातारा, दाजी टिकम. साठी उलटलेली, पण वल्हं हातात आलं की विशीतला!

आता तिथली एक रीत समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं. होडी परत आली, की मासळी वाळूवर ओततात आणि तिचे वाटे घालतात. वाटे म्हणजे सारखे सारखे ढीग. सत्यवानाच्या होडीचे चार. एक सत्यवानाचा, एक दाजीचा. दोन झाले. तिसरा जाळ्याचा. आणि चौथा? होडीचा! होय हो, होडीचा! तीही समुद्रात जाते, तीही राबते, मग तिला वाटा नको? त्या वाट्यातून तिचे खिळे, तिच्या फळ्या, तिचं राळ-तेल. तिच्या दुखण्याखुपण्याची सोय. आणि भांडण नको म्हणून एकानं पाठ फिरवून उभं राहायचं. दुसऱ्यानं ढिगाकडं बोट दाखवून विचारायचं— "हो कोणाचो?" पाठमोरा सांगेल त्याचा तो ढीग! कुठला मोठा, कुठला बारका, त्याला काय दिसतंय? किती शहाणी माणसं बघा!

पण मंडळी, शहाण्या माणसाला पळवाटही लवकर सुचते. ढीग पडायचे चार. दाजी आपला एक उचलून जायचा. आणि सत्यवान? आपला उचलायचा, जाळ्याचा उचलायचा, होडीचाही उचलायचा— आणि तिन्ही एकाच टोपलीत! "होडी माझीच मां? मग तिचो वाटो माझोच." हिशेब बरोबर वाटतो की नाही? वाटतो! म्हणून तर माणूस फसतो.

एक वर्ष असं गेलं. दोन गेली. पाच गेली! दर पावसाळ्यात होडी वर ओढायची, माडाच्या झापांनी शाकारायची. श्रावण आला की सत्यवान वरून निळा रंग द्यायचा, नाकावर झेंडूची माळ घालायचा, आणि नारळी पौर्णिमेला होडी अशी नटून उभी, की नवरीनं बाजूला व्हावं! सगळं बंदर म्हणायचं, "वा रे सत्या!" आणि तळाला? तळाच्या फटीत जुना कापूस, त्यावर लांबीचा, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाचा, लेप, लेपावर पुन्हा रंग. खिळे गंजून पिठासारखे झालेले. पण तळ कोण बघतो? होडी कधी म्हणाली का, "अरे बाबा, मला दुखतंय"? तोंड कुठाय तिला!

आणि मग एका सकाळी तिनं सांगितलं.

मार्गशीर्षातला दिवस. आभाळ निरभ्र, वारा बेताचा. दोघं तासभर आत गेलेले. जाळं असं भरून आलं की दाजीनं हात जोडले. बांगडाच बांगडा! होडी काठोकाठ. सत्यवान मनात म्हणतोय, आज सोनं झालं. आणि पायाला गार लागलं. खाली बघतो तर घोट्याएवढं पाणी!

"दाजी, पाणी!"

"बगलंय. उपस!"

पत्र्याचा डबा घेऊन सत्यवान उपसायला लागला. एक डबा बाहेर, दोन डबे आत. तळाच्या दोन फळ्यांमधली फट उघडली होती. सत्यवानानं डोक्याचा पंचा काढून त्यात कोंबला, त्यावर पाय रोवला. पाणी पंच्याला विचारतंय होय! गुडघ्याला आलं. किनारा दिसतोय, घरं दिसतायत, आपल्या दारातला माड ओळखू येतोय— आणि तिथवर पोचायची खात्री नाही. काय वाटलं असेल हो त्या माणसाला?

दाजी म्हणाला, "मासळी टाक."

"सगळी?"

"जीव व्हयो की बांगडे?"

टाकली मंडळी! स्वतःच्या हातानं, घमेल्या-घमेल्यानं, सगळी मासळी समुद्रात टाकली. त्याचा वाटा गेला, दाजीचा गेला, जाळ्याचा गेला. पाच वर्षं एकीला उपाशी ठेवली, त्या दिवशी सगळेच उपाशी राहिले. दाजी वल्हं मारतोय, सत्यवान उपसतोय, आणि दोघं कसेबसे वाळूला लागले. प्रेमा टोपली घेऊन उभी होती. रिकाम्या होडीकडं तिनं बघितलं, डब्याच्या कडेनं रक्ताळलेल्या नवऱ्याच्या हातांकडं बघितलं, आणि टोपली पालथी घालून तिच्यावर बसली.

होडी उलटी केली. काशिराम मेस्त्रीला बोलावलं. होडीचा सुतार, बोलायला फटकळ. आजकाल असे सुतार राहिले नाहीत आणि असे फटकळही! त्यानं हातोडी घेतली आणि फळी फळी वाजवत गेला. चांगलं लाकूड ठणठणतं. इथं नुसतं भद्‌, भद्‌! एका ठिकाणी त्यानं अंगठा दाबला, तो पेरभर आत गेला.

"सत्या, ही बुडाली नाय. तू तिका उपाशी मारलंस."

सत्यवानाची मान खाली. बंदरातली माणसं जमलेली. सल्ले द्यायला पैसा पडत नाही! कुणी म्हणालं, "मोडून टाक, सरपण होईल." कुणी म्हणालं, "कर्ज काढ, फायबरची घे." कुणी म्हणालं, "दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जा." सत्यवान ऐकत होता. बापानं ज्या होडीवर त्याला पहिल्यांदा वल्हं धरायला शिकवलं, तिच्या पाठीवर त्याचा हात होता. ही गेली की आपण दुसऱ्याच्या हाकेवर जगणार, हे त्याला पक्कं कळत होतं. त्यानं मेस्त्रीला विचारलं, "ही वाचात?"

"दोन फळये बदलूक व्हयेत. तळाचे सगळे खिळे. फटी पयल्यापासून भरूच्यो."

"एकदम येवढे पैसे माझ्याकडे नाय."

"एकदम कोण मागता? तिचो वाटो तिका दी. बाकी मी बगतंय."

एवढंच! मंडळी, मोठमोठे ग्रंथ वाचून जे कळत नाही ते मेस्त्री हातोडी खांद्यावर टाकून सांगून गेला. आणि सत्यवानानं तिथंच, सगळ्यांदेखत, दर्याचं पाणी ओंजळीत घेतलं. "ही पुरी बरी होयपर्यंत तिच्या वाट्यातलो एक मासो माझ्या चुलीवर चढूचो नाय." पाणी सोडलं!

शपथ घेणं सोपं असतं हो. जानेवारीच्या एक तारखेला आपण सगळेच घेतो! निभावणं बघा आता. मेस्त्रीनं फटीवर तात्पुरता पत्रा ठोकला, राळ थापली, आणि बजावलं— खाडीच्या तोंडाबाहेर जायचं नाही. म्हणजे मासळी कमी. खाडीतली बारकी मासळी, कधी मूठभर काळुंद्रं, कधी चार बोयर. त्या मूठभराचेसुद्धा चार ढीग! लोक हसायचे. "सत्या, होडयेक भाकरी पण घाल रे!" सत्यवान ऐकून घ्यायचा. होडीचा ढीग प्रेमा वेगळ्या टोपलीत भरायची, बाजारात आधी तोच विकायची, आणि येताना खिळे घेऊन यायची. तांब्याचे! लोखंडाचे स्वस्त होते, पण मेस्त्रीनं दम दिला होता. एका आठवड्यात खिळे, पुढं राळ, पुढं कापसाची पेंडी. फणसाच्या फळीला तर दीड महिना लागला. घरात फळी आली त्या दिवशी प्रेमानं तिला हळद-कुंकू लावलं. दाजी म्हणाला, "सून इली गो घरात!"

आणि मग परीक्षा आली. देव परीक्षा घेतो ती ज्या दिवशी पाहुणे असतील त्याच दिवशी घेतो! सत्यवानाच्या बहिणीचं सासर घाटावरचं. तिचे सासू-सासरे तिला घेऊन पहिल्यांदा कोंडसरीला येणार होते. दर्यावर्द्याच्या घरी पाहुणा म्हणजे ताटात काय पाहिजे? ताजी मासळी, अर्थात! आणि त्या सकाळी जाळ्यात काय यावं? सुरमई! हातभर लांब, चांदीसारखी! बाकी मासळी इनमिन दोन घमेली. ढीग पडले. तीन ढिगांत बारीकसारीक, आणि चौथ्यावर एकटी सुरमई. दाजी पाठ फिरवून उभा. सत्यवानानं आधी तिच्याकडंच बोट केलं.

"हो कोणाचो?"

दाजीला काय ठाऊक? म्हणाला, "होडयेचो."

संपलं! बघे जमलेलेच होते. एक शेजारी पुढं झाला. "अरे घे रे! होडी काय सुरमय खाता? पाव्हणे इलेत तुझ्याकडे. आजच्या दिवस!"

आजच्या दिवस! मंडळी, हा शब्द ओळखा. आपली सगळी व्रतं ह्या एका शब्दानं बुडवलीत. सत्यवानाचा हात सुरमईवर गेला होता. बहिणीचं तोंड डोळ्यांपुढं आलं. सासू काय म्हणेल? सुनेच्या माहेरी गेलो आणि आमटी-भातावर परत आलो? त्याचा हात तिथंच राहिला, बराच वेळ राहिला. मग त्यानं सुरमई उचलली, प्रेमाच्या बाजाराच्या टोपलीत ठेवली आणि म्हणाला, "ने. चांगली किंमत सांग."

दुपारी पाहुण्यांच्या ताटात सुकटीचं कालवण आणि भाकरी. सासूबाईंनी एकदा ताटाकडं बघितलं, एकदा सुनेकडं. "आम्हाला वाटलं, समुद्रावर ताजं असतं." बहीण कोपऱ्यात शरमून उभी. सत्यवान म्हणाला, "ताजी सुरमई मिळाली होती, मावशी. पण ती आमची नव्हती. होडीची होती." आणि सगळं सांगितलं. पत्रा, फट, टाकलेली मासळी, सगळं. सासरेबुवा ऐकत राहिले. शेवटी त्यांनी ताट सुनेपुढं केलं. "पोरी, अजून घाल कालवण." आणि बायकोला म्हणाले, "ह्या घरात दिलेली पोर उपाशी राहणार नाही म्हणतात ना, तसं ह्या घरातून आणलेली पोरही खोटं वागायची नाही." बहिणीचे डोळे भरले. सुकट तिखट होती, असं ती सांगत राहिली!

पावसाळा आला. झापांखाली मेस्त्री आणि सत्यवान दोघं राबले. कुजक्या फळ्या निघाल्या, फणसाच्या बसल्या. खिळा, कापूस, राळ, तेल. वरच्या रंगाला काही उरलं नाही. पौर्णिमेला सगळ्या होड्या नटलेल्या, आणि सत्यवानाची होडी रंग उडालेली, पोपडे आलेली. त्यानं नारळ वाढवला आणि लोटली! पहिले दोन दिवस कोरड्या फळ्यांनी पाणी प्यायलं, फुगल्या, एकमेकींना घट्ट धरून बसल्या. तिसऱ्या दिवशी सत्यवानानं वाकून तळाला हात फिरवला. हात कोरडा! त्या कोरड्या हाताकडं बघून तो रडला, मंडळी.

इथं गोष्ट संपली असं वाटतंय ना? मलाही तसंच वाटायचं. थांबा!

त्या दिवशी होडी खाडीच्या तोंडाबाहेर गेली आणि भरून आली. चार ढीग पडले. आता कसे, मोठे मोठे! दाजी पाठमोरा. "हो कोणाचो?" "होडयेचो." प्रेमानं तो वेगळा ठेवला. "हो कोणाचो?" "माझो," दाजी म्हणाला. "हो कोणाचो?" "जाळ्याचो." आणि सत्यवानानं तो ढीग सवयीनं आपल्याकडं ओढला.

प्रेमा पुढं आली. ढिगापुढं टोपली आडवी ठेवली.

"जाळां कोण सांधता?"

सत्यवान म्हणाला, "तू."

"किती वर्सां?"

"लग्न झाल्यापासून."

"त्याचो वाटो कोण खाता?"

प्रेमा ओरडली नाही, रडली नाही. शांतपणे म्हणाली, "होडयेक तोंड नाय, म्हणान ती फुटान बोलली. माका तोंड आसा, म्हणान मी सांगान बोलतंय. फुटायची वाट बगू नकात."

सत्यवानानं आपल्या हातानं तो ढीग तिच्या टोपलीत भरला. खाली पडलेला एक बांगडासुद्धा उचलून घातला. आणि दाजी? दाजी अजून पाठ फिरवूनच उभा होता, कारण त्याला हसू आवरत नव्हतं!

बोला, देवाचं नाव घ्या!

आता मंडळी, कोंडसरी सोडा. आधी माझंच सांगतो. ही पेटी बघा. हिचा भाता फाटलाय, पेटीवाले तीन वर्षं चिकटपट्टी लावून वाजवतात. हिच्या वाट्याचं कुणी खाल्लं? ह्या बुवानं! उद्या ती दुरुस्तीला जाईल, तुमच्यादेखत सांगतोय.

आता तुमची पाळी. टाळ वाजवून घरी जाल. दार उघडेल. ज्यानं उघडलं त्याच्याकडं नीट बघा. तुम्ही येईपर्यंत जागी कोण होती? तुमच्या पांढऱ्या सदऱ्याचा वाटा कुणाच्या हातातून निघाला? आणि वर्षानुवर्षं एका कुशीवर झोपून "काही नाही रे, बरंय" म्हणणारी म्हातारी आहे ना घरात? ती मागणार नाही! तिला विचारा. पाठ फिरवून नको, समोर बसून विचारा— "आई, तुझा वाटा कुठला?" आज विचारा. उद्या तळ वाजवायची वेळ येऊ देऊ नका.

ज्याचं आहे त्याला द्या, आणि मग या. देव कुठं जात नाही!